मूकनायक ते मोबाईल : आंबेडकरी तरुणाची ओळख आज कोण घडवतंय?

"सोशल मीडियाने आपल्याला आवाज दिला" हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा बोललं जातं की ते तपासून पाहायची गरजही कुणाला वाटत नाही. जयंतीच्या स्टेजवर, शिबिरात, चहाच्या टपरीवर, सगळीकडे हेच ऐकू येतं. यात तथ्य आहे. पण आपला आवाज स्वस्त स्मार्टफोनबरोबर आला असं एकदा मानलं, की त्याआधीची शंभर वर्षं पुसली जातात. बाबासाहेबांनी कर्ज काढून, पदरमोड करून चालवलेली पत्रं, गावोगाव फिरलेले जलसे, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पोतं अंथरून विकली गेलेली पुस्तकं हे सगळं मग 'मुकेपणाचा काळ' ठरतं. हे आपल्या इतिहासाला धरून नाही.

दुसरीकडे आपलेच काही ज्येष्ठ म्हणतात की मोबाईलने पोरं वाया गेली, चळवळ बोटांवर आली. हेही घाईचं मत आहे. ज्या मुलाला गावात 'जय भीम' म्हणायला भीती वाटत होती, तो फोनवर रोज 'जय भीम' लिहितो. याची किंमत ज्याने ती भीती पाहिली नाही त्याला कळणार नाही.

म्हणून प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारायला हवा. माध्यम चांगलं की वाईट हे बाजूला ठेवू. ते माणसांना जोडून त्यांच्याकडून काय करून घेतं, आणि त्यातून कोणती ओळख तयार होते, हे पाहू. या प्रश्नाला बाबासाहेबांनी १९३६ सालीच एक कसोटी देऊन ठेवली आहे.

बाबासाहेबांची कसोटी

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषणाचा मसुदा वाचून मंडळी घाबरली आणि अधिवेशनच रद्द झालं. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. तेच आपलं 'जातिप्रथेचे निर्मूलन'. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि लगेच इतर भाषांत अनुवाद व्हायला लागले. व्यासपीठ नाकारलं गेलेलं भाषण देशभर वाचलं गेलं. आजच्या भाषेत याला 'व्हायरल' म्हणतील.

पण मला या पुस्तकातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हिंदू समाज हा समाज आहे का, असा प्रश्न बाबासाहेब त्यात विचारतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : माणसं जवळजवळ राहतात म्हणून समाज बनत नाही. त्यांच्या चालीरीती सारख्या असल्या तरी तेवढ्याने बनत नाही. वेगवेगळ्या जाती एकच सण, एकाच दिवशी, जवळपास एकाच पद्धतीने, पण आपापल्या आळीत साजरा करतात. त्या सारखं वागतात, एकत्र येत नाहीत. समाज बनतो तो एखाद्या कामात माणसं एकमेकांची वाटेकरी झाल्यावर, त्या कामाचं यश प्रत्येकाला आपलं यश आणि अपयश आपलं अपयश वाटायला लागल्यावर. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू जॉन ड्युई यांच्या विचाराची छाप इथे दिसते, पण जातीच्या वास्तवाला ती लावली बाबासाहेबांनीच.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला बेनेडिक्ट अँडरसन शिकवला जायचा. १९८३ च्या त्याच्या 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' या पुस्तकात तो म्हणतो की छापील वर्तमानपत्रामुळे एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना आपण एका राष्ट्राचे आहोत असं वाटू लागलं. मांडणी चांगली आहे. पण आपण तिला एक प्रश्न विचारला पाहिजे. 'केसरी' वाचून ज्यांना 'आपण' वाटलं, त्या 'आपण'मध्ये महारवाडा होता का? मांगवाडा होता का? सारखं वाचणं आणि एक होणं यातलं अंतर बाबासाहेबांना अनुभवाने ठाऊक होतं.

हीच कसोटी हातात धरून आपल्या माध्यमांचा इतिहास वाचू.

पत्रांची नावं वाचा, ओळखीचा प्रवास दिसेल

सुरुवात आपल्या पुण्यापासून करावी लागते. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केलं. पुढे ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती आलं. लोखंडे पत्र चालवत होते आणि गिरणी कामगारांची संघटनाही बांधत होते. पत्रात कामगाराची गाऱ्हाणी छापायची, सभेत त्याच कामगाराला उभं करायचं, सरकारकडे त्याच्या सहीचा अर्ज द्यायचा. या धडपडीतून १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. हिंजवडीत आज जो 'वीकेंड'ची वाट पाहतो, त्याने हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

पुण्यातच शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' काढलं आणि मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध ते चालवलं. याच कांबळ्यांनी कोरेगावच्या विजयस्तंभाजवळ सभा भरवल्या, लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज केले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभाला मानवंदना द्यायला आले, त्यामागे कांबळ्यांनी वर्षानुवर्षं केलेली ही जमवाजमव होती.

मग येतो 'मूकनायक', ३१ जानेवारी १९२०. राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते, म्हणून संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचं नाव लागलं. 'केसरी'ने या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. आज एखादी पोस्ट 'रिपोर्ट' करून उडवली की आपण संतापतो. हा प्रकार नवा नाही. फरक इतकाच की बाबासाहेब केसरीच्या दारात ताटकळत बसले नाहीत.

१९२७ हे वर्ष नीट पाहा. १ जानेवारीला कोरेगाव. १९ आणि २० मार्चला महाड, चवदार तळं. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन. महाडच्या परिषदेनंतर दोन आठवड्यांत पत्र निघालं आणि त्याच पत्राने डिसेंबरच्या सत्याग्रहाची तयारी केली. आधी तळ्यावर माणसं गेली, मग त्यांच्यासाठी पत्र आलं, त्या पत्राने आणखी माणसं जमवली. बाबासाहेब बहुतेक मजकूर एकटे लिहीत होते, वर्गणीदार अपुरे होते आणि १५ नोव्हेंबर १९२९ नंतर पत्र बंद पडलं. पण त्याचा वाचक हा नुसता वाचक नव्हता. तो सभेला येणारा, वर्गणी देणारा, मार खाणारा आणि गावात जाऊन मेलेलं जनावर ओढायला नकार देणारा माणूस होता.

१९२८ साली 'समता', १९३० साली 'जनता', ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चंच नाव 'प्रबुद्ध भारत' आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा. नावं एकाखाली एक लिहून बघा : मूक, बहिष्कृत, समता, जनता, प्रबुद्ध. मुका असलेला माणूस आधी आपल्याला बाहेर टाकलंय हे ओळखतो, मग बरोबरी मागतो, मग स्वतःला जनता म्हणवतो आणि शेवटी प्रबुद्ध होतो. छत्तीस वर्षांत एका समाजाची ओळख बदलली. प्रत्येक नावामागे त्या त्या वेळचं आंदोलन उभं होतं. म्हणूनच ही नावं टिकली.

न वाचणाऱ्यांचं माध्यम

आपले बहुसंख्य लोक तेव्हा वाचू शकत नव्हते. त्यांच्यासाठी जलसा होता. सत्यशोधक जलशाची परंपरा भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशात आणली. वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी दिली. नंतर कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज झोपडीझोपडीत पोचले. जलसा बघायला जावं लागायचं. शेजाऱ्याबरोबर बसून ऐकावं लागायचं, शाहिराला आपल्या घरी जेवू घालावं लागायचं. कॅसेटसुद्धा एका घरात लागली की आळीला ऐकू यायची.

आपल्या भागातलं उदाहरण देहूरोडचं आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या दीक्षेआधी जवळजवळ दोन वर्षं. हिंजवडीपासून हे ठिकाण फार लांब नाही, पण आयटी पार्कातल्या किती आंबेडकरी मुलांनी तो विहार पाहिलाय? देहूरोडच्या छावणीत मजुरी करणारा माणूस त्या दिवशी तिथे होता. बुद्ध त्याला त्याच्याच वस्तीत भेटला.

आणि हा काळ साधा भोळा नव्हता. १९७८ साली २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, तरी अफवा आणि द्वेष गावोगाव पोचले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. सोळा वर्षं. १९८७-८८ मध्ये राज्य सरकारने प्रकाशित केलेल्या 'रिडल्स'मधला राम-कृष्णावरचा भाग वगळण्याचा घाट घातला गेला, तेव्हा मुंबईच्या रस्त्यावर आपले लोक लाखोंनी उतरले. त्या गर्दीत इंग्रजी पुस्तक वाचता येणारे थोडे होते. पण हे पुस्तक आपलं आहे, त्याच्या प्रत्येक पानावर आपला हक्क आहे, असं प्रत्येकाला वाटत होतं. वाटेकरी होणं म्हणतात ते हे.

खैरलांजी ते २ एप्रिल

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. प्रस्थापित वर्तमानपत्रांनी सुरुवातीला या हत्याकांडाला अनैतिक संबंधाची बातमी करून टाकलं. खरी माहिती काढली ती कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन समित्यांनी. त्यांचे अहवाल, मृतदेहांची छायाचित्रं, एसएमएस, ईमेल, हातोहात फिरणाऱ्या सीडी यांनी महिनाभराची शांतता फोडली. नोव्हेंबरमध्ये विदर्भ पेटून उठला. मोठ्या पक्षाचा, मोठ्या नेत्याचा आदेश नसताना सामान्य माणूस रस्त्यावर आला. मोबाईलचा आपल्या चळवळीतला पहिला मोठा अध्याय हा आहे. लक्षात घ्या, त्यात आधी कोणीतरी पायी गावात गेलं होतं. फोनने नंतर ते सगळ्यांपर्यंत पोचवलं.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याचं शेवटचं पत्र काही तासांत देशभर वाचलं गेलं. त्याचं फेसबुकवरचं लेखन पुढे इंग्रजीत पुस्तकरूपानेही आलं. एका विद्यार्थ्याच्या पोस्टमध्ये इतकी वैचारिक ताकद असू शकते हे देशाला पहिल्यांदा कळलं.

२० मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला. २ एप्रिलचा भारत बंद मुख्यतः फोनवरून पसरला. एकच एक नेता नव्हता. त्या दिवशी उत्तर भारतात अनेकांचा जीव गेला, हजारोंवर गुन्हे लागले. पण ऑगस्टमध्ये संसदेला कायद्यात दुरुस्ती करावी लागली, १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी दुरुस्ती वैध ठरवली. फोनवरच्या हाकेने कायदा वाचला, हे सत्य आहे.

पण ज्या पोरांवर गुन्हे लागले, त्यांच्या तारखा पडत राहिल्या तेव्हा त्यांच्याबरोबर कोर्टात कोण होतं? जिथे संघटना होती तिथे वकील मिळाला. जिथे फक्त ग्रुप होता, तिथे ग्रुपवर पुढचा विषय आला.

त्याच फोनची दुसरी बाजू

२ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या आयटीत काम करणाऱ्या तरुणाला जमावाने मारलं. फेसबुकवर कुणीतरी शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्याबद्दल आक्षेपार्ह चित्रं टाकली होती. मोहसीनचा त्या पोस्टशी काही संबंध नव्हता. त्याची दाढी आणि टोपी एवढीच त्याची ओळख जमावाला पुरली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना ठेचून मारलं गेलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे संदेश फोनवर फिरत होते. मेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी, म्हणजे भटक्या-विमुक्तांपैकी. याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण अफवा कुणावर पडते हे त्या मर्यादेने बदलत नाही. ज्यांना इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं, ज्यांना गावाने कधी वेशीच्या आत घेतलं नाही, त्यांच्यावरच ती पडली. संदेश नवा होता, संशय जुना होता.

या दोन घटनांच्या मधोमध १ जानेवारी २०१८ आहे. वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीच्या फलकावरून २९ डिसेंबरला वाद पेटवला गेला. फोनवर एकाच इतिहासाच्या दोन आवृत्त्या फिरत होत्या आणि दोन्हीकडच्या तरुणांना आपापलीच आवृत्ती दिसत होती. स्तंभाला वंदन करायला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. शिवराम जानबा कांबळ्यांच्या काळात कोरेगावचा इतिहास सांगणारा माणूस समोर उभा असायचा, त्याला प्रश्न विचारता यायचा. फॉरवर्ड केलेल्या इतिहासाला कोणी मालक नसतो, त्यामुळे त्याला जाबही विचारता येत नाही.

जून २०२० मध्ये आपल्या शेजारच्या पिंपळे सौदागरमध्ये प्रेमप्रकरणावरून वीस वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या न्यायासाठी हॅशटॅग चालला तसा खुनाचं समर्थन करणाऱ्या पोस्टही फिरल्या. ज्या सोसायट्यांच्या आणि वस्तीच्या मध्ये फक्त एक भिंत आहे, तिथली मुलं आपापल्या जातीच्या ग्रुपमध्ये आपापलं सत्य वाचत होती. सारखं वागणं आणि एकत्र येणं यातला फरक याहून स्पष्ट कसा दाखवणार?

हिंजवडीत 'आपण' म्हणजे कोण?

हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशी तालुक्यातली गावं. एमआयडीसीने जमिनी घेतल्या, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं, फेज एक, दोन, तीन झाले. एवढं होऊनही गावाचा कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीकडेच राहिला. म्हातोबाच्या यात्रेत बगाड आजही निघतं आणि त्याच रस्त्यावर कंपनीच्या बस अडकून पडतात. इथे तीन जगं आहेत. जमिनी विकलेलं आणि खोल्या भाड्याने देणारं गाव. लॅपटॉपची बॅग घेतलेलं आयटी. आणि त्या दोघांची झाडलोट, राखण, बांधकाम करणारं पत्र्याच्या खोल्यांतलं जग.

आपली मुलं दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही जगांत आहेत. नांदेड, लातूर, परभणी, वाशिमहून आलेला, शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झालेला मुलगा दुसऱ्या जगात असतो. त्याच्याच जिल्ह्यातली, कधी त्याच्याच नात्यातली मावशी त्याच मजल्यावर हाउसकीपिंगचं काम करते. ती कॉन्ट्रॅक्टरची, तो कंपनीचा. दोघांच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीचा रंग वेगळा असतो. लिफ्टमध्ये तो तिला 'जय भीम मावशी' म्हणत नाही. का म्हणत नाही हे आपण त्याला दोष न देता समजून घेतलं पाहिजे.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, म्हणून तिथे जात नाही असं सांगितलं जातं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आपला अभ्यास मांडला. सारख्याच पात्रतेचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले, फक्त आडनावं वेगळी. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. म्हणजे आडनाव वाचलं जातं. "मूळ गाव कुठलं? पूर्ण नाव काय? कॅन्टीनमध्ये नॉनव्हेज खातोस का?" हे प्रश्न कशासाठी असतात ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. मग मुलगा आडनावाचं फक्त पहिलं अक्षर लावतो.

हाच मुलगा रात्री पीजीतल्या कॉटवर पडून टोपणनावाच्या खात्यावरून तडाखेबंद पोस्ट लिहितो. ही दुभंगलेली ओळख आहे. पण तिला ढोंग म्हणू नका. २०२० साली कॅलिफोर्नियात सिस्को कंपनीतल्या दलित अभियंत्याचं प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ३० दलित महिला अभियंत्यांनी आपले अनुभव जाहीर केले, तेही नावं न देता. सिलिकॉन व्हॅलीत जे नाव सांगू शकल्या नाहीत, त्यांना आपण भित्र्या म्हणणार का? पुढे २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातीय भेदभावाला बंदी घातली. निनावी बोलण्यातून तिथे कायद्यापर्यंत वाट निघाली, कारण त्या बोलण्याला संघटनांनी, वकिलांनी, साक्षींनी आधार दिला.

आपल्याकडे तो आधार नाही आणि म्हणून टोपणनावाची ओळख फोनमध्येच राहते. ती रोज लाइक मिळवते, रोज भांडते, थकते. जयंतीला सगळ्यांच्या डीपी एकदम निळ्या होतात, ६ डिसेंबरला सगळ्यांच्या स्टेटसला तोच फोटो लागतो. बाबासाहेबांच्या कसोटीने हे काय झालं? सगळ्यांनी, एकाच दिवशी, आपापल्या खोलीत, सारखंच केलं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी हिंदू समाजाला समाज म्हणायला नकार दिला, तीच गोष्ट आपण अभिमानाने करतोय.

हिंजवडीने एकत्र आवाज काढता येतो हे दाखवलंही आहे. २०२५ च्या पावसाळ्यात रस्ते तुंबले, तेव्हा आयटी कर्मचाऱ्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली. सरकार हललं. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार जुलैमध्ये सकाळी सकाळी पाहणीला आले आणि सरपंचांना त्यांनी सुनावलेलं बोलणं व्हिडिओतून राज्यभर फिरलं. मोहीम योग्यच होती. पण तिच्यातला 'आपण' कोण होता? पाण्यातून चालत कामावर येणारी हाउसकीपिंगची मावशी, पत्र्याच्या खोलीत पाणी शिरलेला बांधकाम मजूर त्यात होते का? त्यांच्याकडेही फोन आहे. पण कुठली मागणी दिसायची आणि कुठली नाही हे आजही तिसरं जग ठरवत नाही.

मालक कोण?

काही मित्र म्हणतील, काळ बदललाय, आता सभा-संमेलनाला वेळ कुणाला आहे? लोखंड्यांच्या गिरणी कामगाराला होता का? महाडला चालत गेलेल्याला होता का?

दुसरे म्हणतील, प्रस्थापित माध्यमं आपली नाहीत, फोनच आपला आहे. फोन आपला आहे हे खरं. त्यातलं अ‍ॅप आपलं नाही. 'मूकनायक'ला पैसे कमी पडले तर तो बंद पडायचा, पण काय छापायचं हे बाबासाहेब ठरवायचे. आज काय वर दिसेल हे जी कंपनी ठरवते, तिला आपलं भांडण आपल्या विचारापेक्षा जास्त फायद्याचं आहे. कारण भांडणावर माणूस जास्त वेळ थांबतो. म्हणून आपल्यातल्याच दोन गटांची शिवीगाळ हजारोंपर्यंत जाते आणि शिष्यवृत्तीची शेवटची तारीख सांगणारी पोस्ट चाळीस जणांपर्यंत. या रचनेत आपण कितीही तावातावाने लिहिलं तरी आपली ओळख दुसऱ्याच्या गरजेप्रमाणे घडते.

मग करायचं काय? माध्यम सोडायचं नाही. बाबासाहेबांनी छापखाना परक्यांनी आणला म्हणून सोडला नव्हता. पण माध्यमाच्या मागे काम उभं करायचं, जसं प्रत्येक पत्रामागे होतं.

हिंजवडीत हे अगदी साधं आहे. हाउसकीपिंगच्या मावशींच्या पगारातून पीएफ कापला जातो. तो खात्यात जमा होतो की नाही हे फोनवर पाच मिनिटांत बघता येतं. त्यासाठी यूएएन नंबर, आधारची जोडणी आणि शेजारी बसून दाखवणारा माणूस लागतो. आमच्या वस्तीत आम्ही हे रविवारी करतो. ज्यांचा पीएफ भरलेलाच नसतो अशा बाया निघतात, मग तक्रार अर्ज लिहावा लागतो. हे काम एखादा कोडिंग करणारा मुलगा आमच्यापेक्षा दसपट वेगाने करेल. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेली मुलं आहेत, जात पडताळणीची कागदपत्रं अपुरी असलेली मुलं आहेत. ज्या शिष्यवृत्तीवर आपण इथवर आलो, तिचा अर्ज भरून द्यायला कुठलं टोपणनाव लागत नाही.

ग्रुप ठेवा, पण प्रत्येक ग्रुपला महिन्यातून एकदा भेटायची जागा ठेवा. देहूरोडचा विहार आहे, पिंपरीत बाबासाहेबांचा पुतळा आहे. इतिहासाचा मेसेज पुढे पाठवण्याआधी तो कुठून आला हे विचारा आणि पाठवणाऱ्याला सांगता आलं नाही तर तिथेच थांबवा, मग तो आपल्या बाजूचा असला तरीही. तपासून पाहिल्याशिवाय माझंही मानू नका, असं सांगणारा बुद्ध आपण स्वीकारला आहे. राईनपाड्याच्या गावकऱ्यांनी एवढं केलं असतं तर पाच माणसं घरी गेली असती. आणि आपल्या पोरांवर गुन्हा लागला तर पहिल्या तारखेला कोर्टात कोण जाणार याची यादी बंदच्या हाकेआधी तयार ठेवा.

एवढं झालं तर लिफ्टमधल्या त्या दोघांचंही बोलणं सुरू होईल. तिच्या पीएफच्या अर्जावर त्याने काम केलेलं असेल आणि त्याच्या पहिल्या पगाराचा पेढा तिने खाल्लेला असेल. मग 'जय भीम' म्हणायला त्याला फोन उघडावा लागणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!